पडद्यावरचा हिशेब कागदावर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या गावांहून आली आहे. हिशेब पडद्यावर नीट दिसतो आणि कागदावर उतरला की मोडतो. कारण साधं आहे. एक्सेलचा पडदा उजवीकडे आणि खाली हवा तेवढा पसरतो, ए-फोर कागद मात्र २१० बाय २९७ मिलिमीटरचाच असतो. कागद कोणता, उभा की आडवा, कोणत्या कडेला टाचायचा, हे आधी ठरवून मग रकाने आखले तर निम्म्या अडचणी येतच नाहीत. बहुतेक जण उलट करतात : आधी तक्ता, मग कागदाशी झटापट. खालची उत्तरं एक्सेल २०१६ आणि त्यापुढच्या आवृत्त्या धरून दिली आहेत. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तीच आहेत, फक्त आपल्या लिपीत.

प्रश्न : आमच्या अडतीवर शेतकऱ्यांचा सालभराचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. बारा रकाने आहेत. प्रिंट काढली की ‘उचल’ आणि ‘निव्वळ’ हे शेवटचे दोन रकाने वेगळ्या पानावर पडतात. सगळं एका पानावर बसवा म्हटलं तर अक्षरं पार मुंगीएवढी होतात. शिवाय प्रत्येक शेतकऱ्याचा हिशेब नव्या पानावर हवा आहे. तीनशेच्या वर ओळी आहेत, हाताने कुठवर तोडणार? — अडत दुकानदार, उदगीर

अक्षरं बारीक का होतात ते आधी पाहू. तुम्ही ‘फिट शीट ऑन वन पेज’ निवडलंत. त्याचा अर्थ रुंदीही एक पान आणि लांबीही एकच पान. उभ्या ए-फोरवर नेहमीचा समास सोडला तर साधारण २५९ मिलिमीटर उंची उरते. १५ पॉइंट उंचीच्या ओळी (एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) त्यात ४८ बसतात. तीनशे ओळी तिथे कोंबायच्या तर एक्सेलला तक्ता १६ टक्क्यांवर आणावा लागतो आणि ११ पॉइंटचं अक्षर दोन पॉइंटच्याही खाली जातं. तुमची अडचण रुंदीची होती, लांबीची नव्हतीच. ‘पेज लेआउट’ टॅबवर ‘स्केल टू फिट’ गटात ‘विड्थ’ला ‘१ पेज’ द्या आणि ‘हाइट’ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. मग पानं लागतील तेवढी लागतील, पण रकाने फुटणार नाहीत.

पण तुमच्या कामाला तेही वापरू नका, कारण तुम्हाला पानं ठरावीक जागी तोडायची आहेत. ‘फिट’ चालू असताना हाताने घातलेले पेज ब्रेक, म्हणजे पान तोडायच्या खुणा, एक्सेल दुर्लक्षू शकतं. त्यापेक्षा तक्ता शंभर टक्क्यांवरच कागदात मावेल असा आखा. आडव्या ए-फोरची रुंदी २९७ मिलिमीटर. डावी-उजवीकडे अर्धा अर्धा इंच समास सोडला की २७१ उरतात. त्यांची वाटणी अशी करता येईल : दिनांक २०, पट्टी क्रमांक १६, शेतकऱ्याचं नाव ५०, माल २०, कट्टे १३, वजन २०, भाव १८, रक्कम २६, हमाली १७, तोलाई १७, उचल २२, निव्वळ २६. बेरीज २६५ मिलिमीटर. सहा शिल्लक राहतात, ती नावाला द्या किंवा तशीच राहू द्या.

रुंदी अशी मापून द्यायला ‘व्ह्यू’ टॅबमधलं ‘पेज लेआउट’ दृश्य उघडा. साध्या दृश्यात रकान्याची रुंदी अक्षरांच्या हिशेबात असते, या दृश्यात ती इंच किंवा सेंटिमीटरमध्ये देता येते. इंच दिसत असतील तर ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’, ‘डिस्प्ले’ इथे ‘रूलर युनिट्स’ बदला. या दृश्यात शिरताना ‘फ्रीझ पेन्स’ (पडद्यावर जागच्या जागी अडकवून ठेवलेल्या ओळी-रकाने) सुटतील असा इशारा येतो. ते खरोखर सुटतात, काम झाल्यावर पुन्हा लावून घ्या. ‘पट्टी क्रमांक’सारखी लांब शीर्षकं ‘रॅप टेक्स्ट’ करून दोन ओळींत मोडा. शीर्षकासाठी अख्खा रकाना रुंद करणं म्हणजे कागदाची नासाडी.

आता शेतकरीनिहाय पानं. आधी यादी नावानुसार ‘सॉर्ट’ करा, एकाच नावाच्या ओळी सलग आल्या पाहिजेत. मग ‘डेटा’ टॅबवर ‘सबटोटल’. ‘ॲट ईच चेंज इन’मध्ये नावाचा रकाना, फंक्शन ‘सम’, आणि ज्यांची बेरीज हवी त्या रकान्यांपुढे खूण : वजन, रक्कम, हमाली, तोलाई, उचल, निव्वळ. ‘भाव’पुढे खूण करू नका, भावांच्या बेरजेला अर्थ नाही. खाली ‘पेज ब्रेक बिटवीन ग्रुप्स’ असा चौकोन आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्यावर खूण करून ‘ओके’ म्हटलं की प्रत्येक शेतकऱ्याच्या बेरजेखाली पान तुटतं. ‘सबटोटल’चं बटण फिकं दिसत असेल तर तुमची यादी ‘टेबल’ म्हणून बनलेली आहे. टेबलवर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू रेंज’ करा, बटण जागं होईल. नावाचं स्पेलिंग मात्र एकसारखं हवं. नावाच्या शेवटी एखादी मोकळी जागा पडली असेल तरी एक्सेल तो दुसरा माणूस समजतं आणि एकाच शेतकऱ्याची दोन पानं निघतात.

प्रश्न : रक्कम १,२३४,५६७ अशी छापली जाते. १२,३४,५६७ अशी कशी येईल? — किराणा दुकानदार, सेलू

हे एक्सेलच्या नेहमीच्या मांडणीत बदलत नाही, विंडोजमध्ये बदलतं. ‘कंट्रोल पॅनल’, ‘रीजन’, ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ इथे ‘डिजिट ग्रुपिंग’ आहे. त्यात लाख-कोटीची मांडणी निवडा आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. हा बदल त्या संगणकापुरताच असतो. तीच फाइल दुसऱ्याकडे उघडली की तिथल्या मांडणीने दिसते, म्हणून बाहेर छापायची असेल तर पीडीएफ करूनच द्या.

प्रश्न : ग्रामपंचायतीचा नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही, छापायला घेतली. चाळीसेक पानं झाली. शीर्षकाच्या ओळी फक्त पहिल्या पानावर येतात. वरच्या ओळी ‘फ्रीझ’ केलेल्या आहेत, तरी उपयोग नाही. ‘पेज सेटअप’ उघडलं तर शीर्षकांची जागा फिकी दिसते, काही लिहू देत नाही. शिवाय लीगल कागदावर खालचा पान क्रमांक गायब होतो. — संगणक चालक, औंढा नागनाथ तालुका

‘फ्रीझ’ फक्त पडद्यासाठी असतं, छपाईशी त्याचा संबंध नाही. छपाईसाठी ‘पेज लेआउट’ टॅबवरचं ‘प्रिंट टायटल्स’ दाबा आणि ‘रोज टू रिपीट ॲट टॉप’ या खणात क्लिक करून माउसने शीर्षकाच्या ओळी निवडा. ती जागा फिकी दिसली, कारण तुम्ही ‘पेज सेटअप’ प्रिंटच्या झलकेतून उघडलंत. तिथून उघडलं की हा भाग बंदच असतो. एकाहून जास्त शीट एकत्र निवडलेली असतील किंवा एखाद्या सेलमध्ये लिहिणं अर्धवट असेल तरीही तेच होतं. ‘एस्केप’ दाबून बाहेर या आणि ‘पेज लेआउट’ टॅबवरून जा.

पुनरावृत्तीसाठी किती ओळी घ्यायच्या, याकडे नीट बघा. ग्रामपंचायतीचं नाव, तालुका, जिल्हा, आर्थिक वर्ष, नमुन्याचं शीर्षक असा पाच-सहा ओळींचा मथळा चाळीस पानांवर छापला तर प्रत्येक पानाची पाच-सहा कुटुंबं पुढे ढकलली जातात आणि नोंदवही चार-पाच पानांनी फुगते. मथळा पहिल्या पानापुरता असू द्या. पुनरावृत्तीला रकान्यांची नावं आणि रकान्यांचे क्रमांक एवढ्या दोनच ओळी घ्या. गावाचं नाव आणि वर्ष पानोपानी हवंच असेल तर ते ‘हेडर’मध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या समासात, एका ओळीत घाला. हेडर दोन-तीन ओळींचा झाला तरी एक्सेल तक्ता आपोआप खाली सरकवत नाही, दोन्ही एकमेकांवर छापले जातात. तेव्हा ‘मार्जिन्स’मध्ये ‘टॉप’ वाढवा.

लीगलचा घोटाळा खास आपल्याकडचा आहे. संगणकातल्या ‘लीगल’ कागदाची लांबी ३५६ मिलिमीटर असते. दुकानात लीगल म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ रिमांवर २१५ बाय ३४५ असं माप छापलेलं असतं. म्हणजे प्रिंटर ११ मिलिमीटर जास्त कागद आहे असं धरून चालतो. एक्सेलचा फूटर (खालच्या समासातली ओळ) नेहमीच्या मांडणीत कागदाच्या कडेपासून ०.३ इंचावर, म्हणजे साडेसात मिलिमीटरवर असतो. जो कागद अस्तित्वातच नाही त्याच्यावर तुमचा पान क्रमांक छापला जातो. तक्त्याचा खालचा समास पाऊण इंच असल्याने तो वाचतो, म्हणून ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही.

यावर चालणारा उपाय असा : ‘मार्जिन्स’मध्ये ‘फूटर’ ०.९ इंच आणि ‘बॉटम’ १.२५ इंच करा. मग पान क्रमांक खऱ्या कडेच्या सुमारे १२ मिलिमीटर वर येतो. जास्त नीट करायचं असेल तर विंडोजच्या ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये ‘क्रिएट अ न्यू फॉर्म’वर खूण करून २१.५ बाय ३४.५ सेंटिमीटरचा स्वतःचा कागद नोंदवा आणि एक्सेलच्या ‘साइझ’ यादीतून तो निवडा. काही प्रिंटरांचे ड्रायव्हर असा कागद यादीत दाखवत नाहीत, तेव्हा समास वाढवण्यावरच भागवावं लागतं.

ए-फोर वापरणाऱ्यांनीही ‘साइझ’ एकदा पाहावा. पुष्कळ संगणकांवर तिथे ‘लेटर’ लागलेला असतो. तो ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ अठरा मिलिमीटर आखूड. तक्ता उजवीकडे सरकलेला आणि खाली उगाच कोरी जागा, असं दिसलं की पहिला संशय यावर घ्यायचा.

नोंदवही फाइलला लावणार, तेव्हा टाचायची जागा सोडा. दोन भोकांच्या पंचची भोकं कडेपासून १२ मिलिमीटरवर पडतात, म्हणून त्या बाजूला किमान एक इंच हवा. आडवं छापलेलं पान उभ्या फाइलमध्ये लावलं की टाचायची बाजू डावी राहत नाही, पानाची वरची कड डावीकडे येते. जागा वर सोडायची, डावीकडे नव्हे. इथे चुकून मथळ्यातच भोकं पडलेल्या नोंदवह्या कुठल्याही कार्यालयात सापडतील.

प्रश्न : निकालपत्रक घरी तयार केलं. सायबर कॅफेत पेनड्राइव्हवर नेलं तर सगळी नावं इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली. दुसऱ्या वेळी मराठी आलं, पण मात्रा आणि अनुस्वार वरून कापले गेले, एका पानाची दोन पानं झाली. असं प्रत्येक वेळी वेगळं का होतं? — शिक्षिका, गंगाखेड

पहिली गोष्ट फॉन्टची. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच असतो. त्या अक्षरांच्या जागी मराठी चित्रं दाखवायचं काम फॉन्ट करतो. कॅफेत तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. अशा यादीची नावांनुसार वर्णक्रमे मांडणीही नीट होत नाही, मोबाइलवर ती वाचता येत नाही. नवीन काम युनिकोडमध्येच करा, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असतो. जुनी फाइल बदलायला रूपांतरक मिळतात, पण रूपांतर झाल्यावर प्रत्येक नाव हजेरीपटाशी ताडून घ्या. रफार, ‘श्र’, ‘त्र’ आणि अर्धी अक्षरं इथेच हमखास घसरतात, आणि निकालपत्रकावर चुकीचं नाव खपत नाही.

युनिकोडमध्येही फॉन्ट जपून निवडावा लागतो. ‘मंगल’ सगळीकडे असतो असं आपण धरून चालतो. विंडोज १० पासून तो पूरक देवनागरी फॉन्टांच्या गठ्ठ्यात गेला आहे, प्रत्येक संगणकावर असेलच असं नाही. ‘निर्मला यूआय’ मात्र विंडोज ८ पासून मुळातच येतो, त्यामुळे तो जास्त भरवशाचा. ‘कोकिळा’ आणि ‘अपराजिता’ दिसायला सुबक आहेत, पण त्याच पॉइंटला अक्षर लहान पडतं. निर्मला ११ ला जे दिसतं त्यासाठी कोकिळाला बरंच वर जावं लागतं. फॉन्ट बदलला की शब्दांची रुंदी बदलते, ओळी वाढतात आणि एका पानाची दोन होतात. तुमच्याकडे दुसऱ्या वेळी हेच घडलं असणार. प्रिंटर बदलला तरी थोडाफार फरक पडतो, कारण पान कुठे तोडायचं हे एक्सेल निवडलेल्या प्रिंटरच्या हिशेबाने ठरवतं.

मात्रा कापल्या जातात त्या ओळीच्या उंचीमुळे. १५ पॉइंटची ओळ इंग्रजीला पुरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असे दोन्हीकडे मजले असतात. ११-१२ पॉइंटच्या मराठीला ओळ २० ते २२ पॉइंट ठेवा आणि ‘मिडल अलाइन’ करा. उंची एकदा हाताने दिली की ती ओळ मजकूर वाढला तरी आपोआप वाढत नाही. म्हणून ज्या रकान्यात शेरा आहे तिथे ‘रॅप टेक्स्ट’ करून ‘फॉरमॅट’मधलं ‘ऑटोफिट रो हाइट’ चालवा आणि मग झलक बघा. मर्ज केलेल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या, सेलवर ऑटोफिट चालत नाही. मर्जचा सोस कमी केलेला बरा. मथळा मधोमध आणायचा असेल तर ‘फॉरमॅट सेल्स’, ‘अलाइनमेंट’, ‘हॉरिझॉन्टल’मध्ये ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ आहे. दिसायला तेच, आणि पुढे सॉर्ट करताना अडत नाही.

विषयांची नावं अरुंद रकान्यात बसवायला मजकूर ९० अंशांत फिरवा. एकाखाली एक अक्षरं रचणारा ‘व्हर्टिकल टेक्स्ट’ मराठीला वापरू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द वाचता येत नाही.

आणि कॅफेत एक्सेल फाइल नेऊच नका. घरी ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करा, प्रत्येक पान उघडून पाहा, तीच न्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको. कॅफेवाल्याला प्रिंटच्या खिडकीत ‘ॲक्चुअल साइझ’ निवडायला सांगा. तिथे बहुधा ‘फिट’ लागलेलं असतं आणि त्याने अख्खं पान दोन-चार टक्क्यांनी आकसतं. साध्या यादीला त्याने बिघडत नाही, पण छापील प्रगतिपुस्तकाच्या रकान्यांत गुण बसवायचे असतील तर खालच्या ओळी चुकीच्या विषयापुढे जातात.

प्रश्न : बचत गटाचा हिशेब छापताना शेवटी पाच-सहा कोरी पानं निघतात. तक्ता तर दोनच पानांचा आहे. आणि या महिन्याच्या नोंदी प्रिंटमध्ये आल्याच नाहीत. — सचिव, महिला बचत गट, अंबाजोगाई

ताई, या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि पहिलीवरचा उपायच दुसरीचं कारण होतो.

कोरी पानं निघतात कारण तक्त्यापासून दूर कुठे तरी काहीतरी पडलेलं आहे : एखादी स्पेस, एखादी चौकट. ‘कंट्रोल’ आणि ‘एंड’ एकत्र दाबा. कर्सर जिथे जाईल तिथपर्यंत एक्सेल शीट वापरलेली आहे असं मानतं. तक्त्याच्या खालच्या सगळ्या ओळी आणि उजवीकडचे सगळे रकाने निवडून राइट क्लिक, ‘डिलीट’. नुसती ‘डिलीट’ कळ दाबून भागत नाही, तिने मजकूर जातो, चौकटी आणि रंग तिथेच राहतात. मग फाइल सेव्ह करा.

झटपट उपाय म्हणून लोक तक्ता निवडून ‘सेट प्रिंट एरिया’ करतात. तुम्हीही कधीतरी केलं असणार. तो पट्टा तेवढाच राहतो. शेवटच्या ओळीखाली नवीन नोंद लिहिली तर ती पट्ट्याच्या बाहेर पडते आणि छापली जात नाही, एक्सेल तसं सांगतही नाही. यावर सोपा मार्ग म्हणजे पट्ट्यात बेरजेची ओळ धरा आणि नवीन महिन्याची ओळ बेरजेच्या वर ‘इन्सर्ट’ करा. आत घातलेल्या ओळींबरोबर पट्टा वाढतो. आधीच गोंधळ झाला असेल तर ‘क्लिअर प्रिंट एरिया’ करून नव्याने निवडा.

तुमच्या पत्राबरोबरच्या नमुन्यात बँकेला द्यायची खातेक्रमांकांची यादीही आहे, म्हणून न विचारलेलं एक सांगून ठेवतो. एक्सेल संख्येतले पहिले १५ अंकच जपतं. सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून लिहिला तर सोळावा अंक शून्य होतो, आणि शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं पहिलं शून्य उडतं. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग क्रमांक लिहा. लिहून झाल्यावर ‘टेक्स्ट’ केला तर गेलेले अंक परत येत नाहीत. सभेत फिरणाऱ्या प्रतीवर आधार क्रमांक पूर्ण छापायची गरज नसते, शेवटचे चार अंक पुरतात.

प्रश्न : बारा बॅचची बारा शीट आहेत. प्रत्येकाला तोच समास, तोच फूटर द्यायला अर्धा दिवस जातो. आणि काही ठिकाणी गुणांच्या जागी पडद्यावर नसलेले #### प्रिंटमध्ये येतात. — शिकवणी वर्ग, लातूर

पहिल्या शीटच्या नावावर क्लिक करा, ‘शिफ्ट’ धरून शेवटच्यावर क्लिक करा. बाराही एकत्र निवडली जातील. आता कागद, दिशा, समास, हेडर-फूटर एकदाच द्या. ‘प्रिंट टायटल्स’ आणि ‘प्रिंट एरिया’ मात्र असे एकत्र देता येत नाहीत, ते शीटनिहायच. झाल्याबरोबर राइट क्लिक करून ‘अनग्रुप शीट्स’ करा. विसरलात आणि एका विद्यार्थ्याचे गुण दुरुस्त केलेत, तर त्याच जागेवरचे बाराही बॅचमधले गुण बदलतील.

फूटरमध्ये ‘एकूण’, मग ‘नंबर ऑफ पेजेस’चं बटण, मग ‘पैकी पान’, मग ‘पेज नंबर’चं बटण, असा क्रम ठेवला की मराठीत नीट वाचलं जातं. आकडे मात्र इंग्रजी येतात. संपूर्ण वर्कबुक एकदम छापलं तर क्रमांक बाराही बॅचमध्ये सलग जातात. बॅचनिहाय एकपासून हवे असतील तर प्रत्येक शीटच्या ‘पेज सेटअप’मध्ये ‘फर्स्ट पेज नंबर’ला १ द्या, किंवा शीट वेगवेगळी छापा. वर्गाच्या नावात ‘&’ असेल तर हेडरमध्ये ते चिन्ह दोनदा लिहा, एकदा लिहिलं तर छापलं जात नाही.

#### येतात कारण रकाना अगदी काठोकाठ आहे. छपाईत अंकांची रुंदी पडद्यापेक्षा किंचित वेगळी पडते आणि संख्या मावली नाही की एक्सेल ती कापत नाही, चिन्हं दाखवतं. प्रत्येक संख्येच्या रकान्यात एक-दोन अंकांची मोकळीक ठेवा. गैरहजर विद्यार्थ्यांमुळे सूत्रांत चुका दिसत असतील तर ‘पेज सेटअप’, ‘शीट’, ‘सेल एरर्स ॲज’मध्ये ‘ब्लँक’ निवडता येतं. पण हे फक्त झाकणं आहे, सूत्र दुरुस्त करणं बरं. आणि एक खबरदारी : फिल्टर लावून एकाच तुकडीची यादी छापलीत तरी खालची साधी बेरीज लपलेल्या ओळींसकट येते. तिथे ‘सबटोटल’ सूत्र ९ या क्रमांकाने वापरा. ओळी हाताने लपवलेल्या असतील तर १०९.

प्रश्न : हळद खरेदीची यादी गूगल शीट्सवर आहे, मोबाइलवरच भरतो. प्रिंट कशी नीट येईल? — शेतकरी गट, वसमत

भरा मोबाइलवर, छापा संगणकावरून. मोबाइलच्या ॲपमध्ये छपाईचे पर्याय फार थोडे आहेत. संगणकावर ‘कंट्रोल’ आणि ‘पी’ दाबलं की उजवीकडे पट्टी उघडते. कागद ए-फोर, ‘स्केल’मध्ये ‘फिट टू विड्थ’. ‘हेडर्स अँड फूटर्स’खाली ‘रिपीट फ्रोझन रोज’वर खूण करा. इथे एक्सेलपेक्षा वेगळं आहे, फ्रीझ केलेल्या ओळीच छापील शीर्षक होतात. पान कुठे तुटावं हे ‘सेट कस्टम पेज ब्रेक्स’मध्ये ओढून ठरवता येतं. लिबर ऑफिस वापरणाऱ्यांना हेच ‘फॉरमॅट’, ‘पेज स्टाइल’मधल्या ‘शीट’ भागात आणि ‘प्रिंट रेंजेस’मध्ये मिळेल.

प्रश्न : आडवा तक्ता दोन्ही बाजूंनी छापला की मागचं पान उलटं येतं. — वाहतूक व्यवसाय, जालना

पुस्तकासारखं डावीकडून उलटणार असाल तर आडव्या पानाला ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’. दिनदर्शिकेसारखं वर उलटणार असाल, किंवा उभ्या फाइलमध्ये लावणार असाल, तर ‘फ्लिप ऑन लाँग एज’. फाइलमध्ये लावताना मागच्या पानाची खालची कड टाचणीकडे येते, म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे एकेक इंच सोडा. आधी दोनच पानं छापून फाइलला लावून पाहा, मग पूर्ण गठ्ठा.

प्रश्न : प्रिंट चांगली येते, पण झेरॉक्स काढली की रेषा जातात आणि रंगवलेल्या ओळी काळ्या होतात. — लेखनिक, पतसंस्था, माजलगाव

चौकटीच्या यादीतली सगळ्यात वरची ठिपक्यांची बारीक रेषा घेतली असेल, ती झेरॉक्समध्ये टिकत नाही. ‘थिन’ म्हणजे साधी अखंड रेषा घ्या, बाहेरची चौकट आणि बेरजेच्या वरची रेषा ‘मीडियम’. ‘ग्रिडलाइन्स’वर खूण करून छापण्यापेक्षा अशा चौकटी दिलेल्या बऱ्या. ग्रिडलाइन्स फिक्या येतात आणि कुठली रेषा ठळक हवी हे सांगता येत नाही.

रंग जवळजवळ काढूनच टाका. शीर्षकाला अगदी फिकी राखाडी छटा चालते, तिच्यावर ठळक काळी अक्षरं. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं पडद्यावर शोभतात, प्रतीची प्रत निघाली की नावंच बुजतात, आणि टोनर जातो तो वेगळा. थकबाकी लाल रंगाने दाखवली असेल तर काळ्या-पांढऱ्या छपाईत ती इतर आकड्यांसारखीच दिसते. तिला कंस द्या किंवा शेऱ्याच्या रकान्यात ‘थकीत’ लिहा. रंग शीटमध्ये ठेवूनच छापायचं असेल तर ‘पेज सेटअप’च्या ‘शीट’ भागात ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर खूण करा, भरलेले रंग वगळून छपाई होईल. त्याच्या शेजारचं ‘ड्राफ्ट क्वालिटी’ चुकून लागलेलं नाही ना तेही पाहा. ते लागलं असेल तर चौकटी मुळातच छापल्या जात नाहीत आणि लोक प्रिंटरला दोष देत बसतात.